रिसेसनंतर संदेश अडकतात, रिस्टार्ट केलं की सुटतात: कारखाना आणि क्लाउड यांच्यामधल्या ब्रिजची नेहमीची तक्रार

तक्रार साधारण अशी असते. सकाळपासून चलनं व्यवस्थित जात असतात. रिसेस संपते, डिस्पॅचवाला पहिलं चलन काढतो आणि ते क्लाउडच्या पोर्टलवर उमटतच नाही. ट्रक गेटपाशी उभा, ट्रान्सपोर्टरचा माणूस फोनवर फोन करतोय आणि ब्रिजच्या, म्हणजे कारखाना आणि क्लाउड यांच्यात संदेश नेणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये एकही एरर नाही. स्टेटस ‘कनेक्टेड’. शेवटी स्टोअरमधून कोणीतरी ओरडतं, ‘बंध करीने चालु करी दो ने!’ सर्व्हिस रिस्टार्ट होते, पुढची चलनं भराभर निघतात, सगळे आपापल्या कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी रिसेसनंतर पुन्हा तेच. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी तर हमखास.

रिस्टार्टनंतर काम चालू झालं, यातून एवढंच कळतं की नवं कनेक्शन जोडता येतंय. याचा अर्थ पासवर्ड, सर्टिफिकेट, पोर्ट, इंटरनेट सगळं जागेवर आहे आणि बिघाड जुन्या कनेक्शनमध्ये आहे. हे धरून ठेवलं तर पुढचा बराच वेळ वाचतो. बहुतेक जण इथून थेट फायरवॉलमध्ये जादा पोर्ट उघडायला धावतात, त्याने काही होत नाही.

कुठली मांडणी गृहीत धरली आहे

बडोद्यात मकरपुऱ्यापासून वाघोडियापर्यंत मध्यम कारखान्यांमध्ये चित्र थोड्याफार फरकाने सारखंच दिसतं. हिशेब टॅलीत, स्टॉक आणि डिस्पॅच जुन्या ईआरपीत (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस ऑफिसातल्याच सर्व्हरवर. ऑर्डर, ट्रान्सपोर्टर आणि ई-इनव्हॉइसचं काम क्लाउडवर. डेटाबेस इंटरनेटवर उघडा टाकायला मालक तयार नसतो, आणि ते बरोबरच आहे. मग मधे एक छोटं लिनक्स मशीन बसवतात. त्यावरचा ब्रिज कारखान्यातून बाहेर, क्लाउडवरच्या ब्रोकरकडे, म्हणजे संदेश रांगेत (क्यूमध्ये) ठेवून पुढे देणाऱ्या सर्व्हरकडे, कनेक्शन जोडतो. बाहेरून आत कोणी कनेक्शन जोडत नाही, राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही. एएमक्यूपी, म्हणजे ब्रोकरशी बोलण्याची भाषा, टीएलएसच्या एन्क्रिप्शनमधून जाते, पोर्ट ५६७१. कोणी ५६७२ वापरत असेल तर आधी तेवढं बदला, तिथून सगळं उघड्यावर जातं.

पुढे मी ब्रोकर रॅबिटएमक्यू आणि ब्रिज पायथनच्या पिका लायब्ररीत लिहिलेला आहे असं धरून बोलतो. दुसरं काही असेल तर सेटिंगची नावं बदलतील, वागणूक तीच.

रिस्टार्ट करण्याआधी काय बघायचं

रिस्टार्ट केलं की पुरावा पुसला जातो. म्हणून डिस्पॅचवाल्याला पाच मिनिटं थांबवा. तो कुरकुर करेल, करू द्या.

ब्रिजच्या मशीनवर एसएस कमांडने ५६७१ कडे गेलेली कनेक्शन बघा. तिथे ‘एस्टॅब्लिश्ड’ (जुळलेलं) दिसेल. त्याच ओळीतला सेंड-क्यूचा आकडा बघा. तो शून्य असायला हवा. शून्याच्या वर असेल आणि काही सेकंदांनी पाहिलं तरी खाली येत नसेल, तर पाठवलेला डेटा तुमच्याच मशीनच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) पडून आहे, पलीकडून पोच आलेली नाही.

आता ब्रोकरच्या मॅनेजमेंट पानावर कनेक्शन्सची यादी उघडा. तुमच्या ब्रिजचं नाव तिथे आहे का? इकडे ‘एस्टॅब्लिश्ड’ आणि तिकडे यादीत नावच नाही, असं दिसलं की निदान झालं. दोन टोकांची समजूत वेगवेगळी आहे. क्वचित उलटंही सापडतं: ब्रोकरकडे जुनं मेलेलं कनेक्शन अजून जिवंत म्हणून नोंदलेलं, आणि त्याच्या नावावर काही संदेश ‘अनॲक्ड’ (पोच म्हणजे ॲक न आलेले) अडकलेले.

दोन्हीकडे कनेक्शन ठीक, सेंड-क्यू शून्य आणि तरीही संदेश पुढे जात नाहीत, असं असेल तर हे दुखणं वेगळं आहे. खाली विषारी संदेशाचा भाग आहे, तिकडे जा.

कनेक्शन गुपचूप कसं मरतं

टीसीपीला, म्हणजे ज्या नियमांवर ही कनेक्शन चालतात त्यांना, रिकामेपणाचं वावडं नाही. दोन मशीनमध्ये कनेक्शन जुळलं की कोणी काही बोललं नाही तरी ते तासन्‌तास जिवंत राहू शकतं. पण मधे जी यंत्रं बसलेली असतात, म्हणजे ऑफिसचा फायरवॉल, इंटरनेटवाल्याचा नॅट (एकच पत्ता अनेकांना वाटून देणारा), क्लाउडच्या तोंडावरचा लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरांमध्ये वाटणारा), त्या प्रत्येकाला चालू कनेक्शनची वही ठेवावी लागते आणि वहीतली पानं मर्यादित असतात. बराच वेळ पॅकेट गेलं नाही की ती नोंद खोडतात. दोन्ही टोकांना कळवतातच असं नाही.

किती वेळ थांबायचं हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. आरएफसी ५३८२ हा इंटरनेटच्या नियमांचा २००८ सालचा दस्तऐवज नॅटवाल्यांना सांगतो की जुळलेलं कनेक्शन निदान २ तास ४ मिनिटं ठेवा. हा विचित्र आकडा कीपअलाइव्हवरून, म्हणजे रिकामं कनेक्शन जिवंत आहे का हे बघणाऱ्या चाचणीवरून, आला आहे. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्ह चालू केलं तरी पहिली चाचणी जाते ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. चार मिनिटं वर ठेवली की ती चाचणी सुखरूप पार पडावी. प्रत्यक्षात एवढा धीर फार थोडी यंत्रं धरतात. ॲमेझॉनच्या नॅट गेटवेची मर्यादा ३५० सेकंदांची आहे, नेटवर्क लोड बॅलन्सरचीही मूळ सेटिंग तेवढीच. अझूरच्या लोड बॅलन्सरची मूळ सेटिंग ४ मिनिटं. आणि तुमची रिसेस अर्ध्या तासाची. हिशेब इथेच जुळतो. सकाळी दर दोन-तीन मिनिटांनी चलन निघत असतं म्हणून कनेक्शन टिकतं, रिसेसमध्ये अर्धा तास कोणी बोलत नाही म्हणून ते मरतं.

मेल्यानंतर कोणाला कधी कळतं, हा खरा त्रासाचा भाग आहे. क्लाउडकडून ऑर्डर घेणारा ब्रिज फक्त ऐकत बसलेला असतो. तो स्वतःहून काही पाठवतच नाही, त्यामुळे त्याला कधीच कळत नाही. चलन पाठवणारा ब्रिज पॅकेट पाठवतो, पण मधलं यंत्र ते गिळून टाकत असेल तर लिनक्स पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतं, आणि मूळ सेटिंगवर हे प्रयत्न साधारण पंधरा मिनिटं चालतात. तोपर्यंत प्रोग्रामला एरर मिळत नाही. पंधरा मिनिटं ट्रकवाला थांबत नाही, म्हणून लोक त्याआधीच रिस्टार्ट करतात आणि लॉगमध्ये कधीच काही उमटत नाही.

हार्टबीट कोणी बंद केला?

आता जाणकार वाचक विचारेल, रॅबिटएमक्यूमध्ये यासाठीच तर हार्टबीट आहे, मग हे होतंच कसं? प्रश्न योग्य आहे. मूळ सेटिंग ६० सेकंदांची आहे. दोन्ही बाजू साधारण त्याच्या निम्म्या अंतराने एकमेकांना छोटी फ्रेम पाठवतात, लागोपाठ दोन चुकल्या की कनेक्शन मेलं असं धरतात. हार्टबीट चालू असेल तर ३५० सेकंदांची शांतता कधी होणारच नाही.

म्हणून ब्रिजची कनेक्शनची ओळ उघडून बघा. पैजेवर सांगतो, तिथे हार्टबीट शून्य केलेला सापडेल. शून्य म्हणजे बंद.

तो मुद्दाम बंद केलेला असतो, आणि त्यामागे कारणही असतं. पिकाच्या ब्लॉकिंग कनेक्शनमध्ये एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) सगळं करतो. संदेश आला, तुमचं फंक्शन चालू झालं, त्याने टॅलीला पोर्ट ९००० वर एक्सएमएल पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसलं. महिनाअखेरीस टॅली रेंगाळलेली असते. तेवढ्या वेळात हार्टबीट पाठवायला थ्रेड मोकळाच नाही. ब्रोकर म्हणतो हा गेला आणि कनेक्शन तोडतो. लॉगमध्ये ‘मिस्ड हार्टबीट्स’ दिसू लागतं. मग कोणीतरी इंटरनेटवर शोधून ‘हार्टबीट शून्य करा’ हा तोडगा लावतं. एरर थांबते. काही आठवड्यांनी रिसेसनंतरची तक्रार सुरू होते, आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्याच डोक्यात येत नाही, कारण मधे बराच काळ गेलेला असतो आणि अनेकदा माणूसही बदललेला असतो.

त्यामुळे नुसता हार्टबीट परत ६० केलात तर जुनी एरर परत येईल. आधी टॅलीचं काम वेगळ्या थ्रेडला द्या, कनेक्शनचा थ्रेड मोकळा ठेवा. काम झाल्यावर ॲक मात्र त्या वेगळ्या थ्रेडमधून थेट पाठवू नका, पिकाचं कनेक्शन थ्रेडसेफ नाही (दोन थ्रेडनी एकदम वापरलं तर बिघडू शकतं). त्यासाठी ॲड-कॉलबॅक-थ्रेडसेफ नावाची सोय आहे, ती वापरा. प्रीफेच (एका वेळी किती संदेश घ्यायचे तो आकडा) १ ठेवा, म्हणजे टॅली अडली तर एकच संदेश अडकेल, बाकीचे क्यूमध्येच राहतील. हे सगळं झाल्यावर हार्टबीट ६० किंवा ३० करा. पाच सेकंदांच्या खाली जाऊ नका, थोडं नेटवर्क डगमगलं तरी विनाकारण तुटेल.

कर्नलचं कीपअलाइव्ह दोन तासांवरून एक मिनिटावर आणूनही काम भागतं, काही जण तेच करतात. मला हार्टबीट जास्त पटतो. मशीन चालू आहे पण ब्रोकरची प्रक्रियाच लटकली आहे, हे कीपअलाइव्हला कळत नाही, कारण उत्तर कर्नल देतं.

याच कुळातली आणखी एक एरर आहे. टॅलीत ती कंपनी उघडीच नाही, ब्रिज प्रयत्न करत बसलाय, अर्धा तास उलटला आणि चॅनल (कनेक्शनच्या आतली संदेशांची वाट) ‘प्रीकंडिशन फेल्ड’ म्हणून बंद झालं. घेतलेल्या संदेशाचा ॲक ३० मिनिटांत आला नाही तर रॅबिटएमक्यू मूळ सेटिंगप्रमाणे चॅनल बंद करतो. ही मर्यादा वाढवण्यापेक्षा पाच-दहा मिनिटांत हार मानून संदेश परत करा.

रिस्टार्टनंतर एखादं चलन गायबच होतं

हे वरच्या तक्रारीचंच शेपूट आहे आणि जास्त महाग पडतं. अकाउंट्समधल्या ताई विचारतात, ‘अहो, ईआरपीत चलन आहे, पोर्टलवर का नाही?’ कारण सरळ आहे. ब्रिजने ‘पाठव’ म्हटलं, कर्नलने डेटा आपल्या बफरमध्ये घेतला, प्रोग्रामला वाटलं गेलं, त्याने ईआरपीत ‘पाठवलं’ अशी खूण केली. तो डेटा मेलेल्या कनेक्शनच्या बफरमध्ये होता. रिस्टार्ट केल्यावर बफर गेला, चलनही गेलं.

पब्लिशर कन्फर्म चालू करा. मग ब्रोकर ‘मिळालं’ म्हणेपर्यंत पाठवणं पूर्ण धरलं जात नाही. सोबत मँडेटरी हा पर्यायही लावा, म्हणजे कुठेच न पोचणारा संदेश परत येईल. कारण क्यूच्या नावात चूक असेल आणि संदेशाला जायला जागाच नसेल, तर ब्रोकर एरवी तो टाकून देतो आणि तरीही कन्फर्म पाठवतो. क्यू ड्युरेबल आणि संदेश पर्सिस्टंट (ब्रोकर रिस्टार्ट झाला तरी टिकणारे) हवेत, हे माहीत असेलच.

पण कन्फर्म येण्याआधीच वीज गेली तर? त्यासाठी ईआरपीच्या डेटाबेसमध्ये एक जावक टेबल करा. चलन ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह होतं, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये जावक टेबलात ओळ पडली पाहिजे. ब्रिज तिथून ओळ उचलतो, पाठवतो आणि कन्फर्म आल्यावरच खूण करतो. ऑफिसातलं जावक रजिस्टर ज्यांनी सांभाळलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता एकच चलन दोनदा जाईल

जाणारच. ब्रोकरला संदेश मिळाला, कन्फर्म परत येताना वाटेत कनेक्शन मेलं, ब्रिजने पुन्हा पाठवलं. हे टाळता येत नाही. घेणाऱ्याने ओळखून दुसरी प्रत सोडून द्यायची असते.

याचं उत्तम उदाहरण आपल्याकडे रोज वापरात आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. पोर्टल प्रत्येक बिलाचा ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा ओळख क्रमांक) बनवतं, आणि तो बनतो चार गोष्टींवरून: विक्रेत्याचा जीएसटीआयएन, दस्तऐवजाचा प्रकार, क्रमांक आणि आर्थिक वर्ष. तेच बिल पुन्हा पाठवलं तर नवा क्रमांक मिळत नाही, २१५० ही ‘डुप्लिकेट आयआरएन’ एरर येते. ब्रिज लिहिणारे या २१५० ला अपयश समजतात आणि संदेश पुन्हा क्यूमध्ये टाकतात, तो पुन्हा २१५० घेऊन येतो, असं चक्र रात्रभर चालतं. २१५० म्हणजे काम आधीच झालेलं आहे. आयआरएन नोंदवून घ्या, ॲक द्या, पुढे चला.

तुमच्या चलनांसाठीही अशीच किल्ली बनवा आणि तिच्यावर युनिक इंडेक्स लावा. त्यात आर्थिक वर्ष विसरू नका. १ एप्रिलला चलनांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. किल्लीत वर्ष नसेल तर गेल्या वर्षीचं चलन क्रमांक १ आधीच आहे म्हणून नवं चलन ‘डुप्लिकेट’ ठरून गुपचूप फेकलं जाईल. तेही एप्रिलमध्ये, जेव्हा सगळ्यांचं लक्ष जुनं वर्ष बंद करण्याकडे असतं.

विषारी संदेश

कनेक्शन ठणठणीत, पण क्यूच्या तोंडाशी एकच संदेश फिरत राहतो आणि मागचे सगळे खोळंबतात. बहुतेक वेळा पार्टीच्या नावात & हे चिन्ह असतं. एक्सएमएलमध्ये ते तसंच घातलं की टॅली नाकारते, ब्रिज संदेश परत क्यूमध्ये टाकतो, तो लगेच परत येतो. डेड लेटर क्यू, म्हणजे न पचलेल्या संदेशांची वेगळी रांग, करा आणि ठरावीक प्रयत्नांनंतर संदेश तिकडे वळवा. रॅबिटएमक्यू ४.० पासून क्वोरम क्यूला (अनेक सर्व्हरांवर प्रत ठेवणाऱ्या रांगेला) २० प्रयत्नांची मर्यादा आपोआप असते, पण डेड लेटरची जागा सांगितलेली नसेल तर मर्यादा संपल्यावर संदेश टाकून दिला जातो. डेड लेटरमध्ये काही पडलं की कोणाला तरी मेसेज गेला पाहिजे. नाहीतर ती दुसरी कचरापेटी होते.

टीएलएसच्या तक्रारी

या थोडक्यात, कारण यांत लॉग स्पष्ट बोलतो.

‘नॉट येट व्हॅलिड’: ब्रिज मशीनचं घड्याळ मागे गेलंय. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. बॅटरी बदला आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) लावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेलं ठेवायचंच आहे आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत.

‘अननोन सीए’ (सर्टिफिकेट देणारा अनोळखी), आणि तेही फायरवॉल अपडेट झाल्यावर अचानक: फायरवॉलचं एसएसएल इन्स्पेक्शन मधे स्वतःचं सर्टिफिकेट घालतंय. ब्रोकरचा पत्ता त्यातून वगळायला सांगा. ब्रिजमध्ये सर्टिफिकेटची तपासणी बंद करून काम काढू नका. मग टीएलएस असून नसल्यासारखं.

‘एक्सपायर्ड’: सार्वजनिक सर्टिफिकेटचं जास्तीत जास्त आयुष्य १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. कॅलेंडरवर खूण करून हाताने बदलण्याचे दिवस गेले, नूतनीकरण आपोआप होईल असंच बसवा.

एक लाइन पडून दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर गेलं की कनेक्शन जुळतच नाही, अशी तक्रार असेल तर क्लाउडच्या परवानगी यादीत दुसऱ्या लाइनचा आयपी घातलेला नाही.

दिवाळीची सुट्टी

क्लाउडच्या बाजूला ॲमेझॉनचं एसक्यूएस (संदेशांच्या रांगेची सेवा) वापरणाऱ्यांनी हे जरूर बघावं. त्यात संदेश मूळ सेटिंगने ४ दिवस राहतो, मग पुसला जातो. आपल्याकडे कारखाना दिवाळीला बंद होतो तो लाभपाचमीला (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतो. पुणे-मुंबईचे ग्राहक भाऊबीज झाली की ऑर्डर टाकायला लागतात, पण त्याआधी, अगदी धनत्रयोदशीच्या संध्याकाळीही कोणीतरी एखादी टाकतंच. सर्व्हर रूम बंद करून गेलात तर ती ऑर्डर उघडायच्या आधीच नाहीशी झालेली असते, आणि ग्राहकाच्या पानावर ‘ऑर्डर स्वीकारली’ असंच दिसत राहतं. मर्यादा १४ दिवसांपर्यंत वाढवता येते, आजच वाढवा. पावसाळ्यासाठीही ती हवीच. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांनी दारात पाहिलंय त्यांना लाइन किती दिवस बंद राहू शकते हे सांगायला नको.

दुरुस्ती झाली का, हे कसं तपासायचं

रिसेसची वाट बघू नका. ब्रिज मशीनवर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ५६७१ कडे जाणाऱ्या पॅकेटसाठी ड्रॉपचा (गुपचूप टाकून देण्याचा) नियम घाला. रिजेक्टचा नको. रिजेक्ट केलं की प्रोग्रामला लगेच नकार मिळतो आणि तो शहाण्यासारखा पुन्हा जोडायला लागतो, प्रत्यक्षातला फायरवॉल एवढा सज्जन नसतो. ड्रॉप लावल्यावर दोन-चार खोटी चलनं काढा. हार्टबीट ६० असेल तर एक-दीड मिनिटात लॉगमध्ये कनेक्शन मेल्याची नोंद आणि पुन्हा जोडण्याचे प्रयत्न दिसले पाहिजेत, प्रत्येक वेळी थोडं अंतर वाढवत. आता नियम काढा. कनेक्शन आपोआप जुळलं पाहिजे, जावक टेबलातल्या सगळ्या ओळींवर खूण पडली पाहिजे आणि पोर्टलवर प्रत्येक चलन एकदाच दिसलं पाहिजे. एखादं दोनदा दिसलं तर किल्ली तपासा. एखादं कमी पडलं तर कन्फर्म चालू आहे का ते बघा. आणि यांतलं काहीच न होता स्टेटस ‘कनेक्टेड’च राहिलं, तर हार्टबीट अजून शून्यच आहे. बऱ्याचदा कॉन्फिगरेशनच्या दोन फाइल असतात आणि सर्व्हिस जुनी वाचत असते.